सांगलीतल्या डिझायनरांनी एआयला कोणतं काम द्यावं आणि कोणतं हातातच ठेवावं?

विभाग: कला, डिझाइन आणि छपाई

कोरीव_रेषा (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

मी सांगलीत पॅकेजिंगची कामं करते. हळद, बेदाणा, भडंग, शेंगदाण्याची चटणी अशा मालाची पाकिटं आणि खोकी. लग्नसराईत थोड्या पत्रिका. अलीकडे पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, रिकाम्या हातानं येतच नाही. चॅटजीपीटीनं नाहीतर जेमिनीनं काढलेलं चित्र आधीच व्हॉट्सॲपवर येतं, खाली ओळ असते, "असंच पाहिजे, फक्त आमचं नाव टाका." चित्रातला उजेड सुरेख असतो, मांडणीही बरी असते. पण शाकाहारी चिन्हाच्या जागी हिरवा डाग, बारकोड म्हणून नुसत्या उभ्या रेघा, आणि खालच्या बारीक मजकुरात एकही अक्षर धड नाही. नवी मॉडेलं ठळक मराठी शब्द पूर्वीपेक्षा बरे लिहितात, तरी जोडाक्षर आलं की भरवसा नाही.

मी एआय रोज वापरते. आपल्याकडे यावर दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणजे आता डिझायनर संपले, आणि दुसरा, आम्ही त्याला हात लावणार नाही. मला बोलायचंय ते रोजच्या कामाबद्दल. माझं मत आधीच सांगते. नुसते शब्द दिले तर ते यंत्र कुठल्याही गावाला लागू पडेल असं चित्र देतं. आपलं सामान दिलं, म्हणजे आपण काढलेला फोटो, आपलं स्केच, आपली अक्षरं, आपला ठरवलेला रंग, तरच निघालेलं चित्र आपल्या कामाचं होतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो पहिल्या बैठकीत. "जरा रिच वाटलं पाहिजे", "गावरान दिसावं पण मॉलमध्येही चालावं" एवढंच ऐकून कागदावर काय काढणार? आता पार्टी समोर बसलेली असतानाच मी चार-पाच दिशा काढून दाखवते. एकात नुसता पिवळा आणि काळा, एकात जुन्या पत्र्याच्या डब्यावरची नक्षी, एकात शेत, एकात फक्त मोठं अक्षर. माणूस लगेच बोलायला लागतो. "हे नको, हे अमक्याच्या पाकिटासारखं दिसतंय", "हा पिवळा आमच्या हळदीचा नाही." हे 'नको' मला फार उपयोगी पडतं, कारण त्याच्या डोक्यात काय आहे ते एरवी त्याला सांगताच येत नाही.

मात्र ही चित्रं मी कटाक्षानं पेन्सिलच्या स्केचसारखी किंवा करड्या छटांत काढून घेते. चकचकीत चित्र दाखवलं की पार्टी त्याच्यातच अडकते. मग तीच पितळी वाटी, तीच उडणारी पूड आणि खिडकीतून येणारं तेच ऊन पाहिजे असतं, आणि तुम्ही पुढे काहीही चांगलं केलं तरी ते 'त्या चित्रासारखं नाही' ठरतं.

दुसरं काम फोटोंच्या डागडुजीचं. फोटोशॉपमध्ये २०२३ साली जनरेटिव्ह फिल आलं, म्हणजे निवडलेली जागा एआयनं भरून देणारी सोय, तेव्हापासून उभा फोटो आडव्या खोक्याला पुरवणं, शेतातल्या फोटोतली विजेची तार काढणं, टेबलाची कड वाढवणं ही कामं फार हलकी झाली. भरलेला तुकडा मूळ फोटोपेक्षा मऊ पडतो, म्हणून मोठी जागा एकदम न निवडता लहान लहान तुकड्यांत भरावी आणि शेवटी सगळ्यावर सारखा ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदार पोत, द्यावा.

तीन गोष्टी मी एआयला कधीच देत नाही. एक, अक्षरं. दोन, प्रत्यक्ष माल. पाकिटात जो बेदाणा आहे त्याचाच फोटो पाकिटावर हवा. एआयनं फुगवलेला, एकसारखा चमकणारा बेदाणा छापणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि दिशाभूल करणारं लेबल एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांतही बसत नाही. तीन, कायद्यानं लागणारा मजकूर. शाकाहारी चिन्ह, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. हे सगळं व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेल्या, कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या फाइलमध्ये), हातानं, एकेक आकडा ताडून.

तुम्ही कसं करता? आणि "एआयनं केलंय, मग पैसे कमी करा" याला काय उत्तर देता?

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

ताई, धागा वेळेवर काढलासा. गणपतीचा सीझन तोंडावर आला की आमच्याकडं रोज अशा फायली येतात.

छपाईच्या बाजूनं सांगतो. एआयचं चित्र बऱ्याचदा १०२४ पिक्सेलचं असतं. ऑफसेट छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, धरलं तर ते साडेतीन इंचसुद्धा भरत नाही. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, तिथं ७२ डीपीआयवर भागतंय. पण दहा फूट रुंदी म्हणजे १२० इंच, ७२ नं गुणलं की ८,६४० पिक्सेल झाले. मोबाइलवर झकास दिसणारं चित्र चौकात टांगल्यावर फाटतंय ते याच्यामुळं. अपस्केल (Upscayl) नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातून मोठं करून आणलं तर पुष्कळ फरक पडतो.

रंगाचं दुसरं. स्क्रीन आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा उजेड; मशीन सीएमवायके, म्हणजे सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी शाई. एआयला झगमगता निळा आणि पोपटी लई आवडतो, ते रंग शाईत निघतच नाहीत. हळदीचा पिवळा निघतो, पण फाइल बदलताना सावलीत सायन घुसला की पिवळा मळकट हिरवा होतो. पिवळ्या जागेतला सायन बघून घ्या, जमेल तेवढा काढून टाका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चेहरा. श्रद्धांजलीचा बोर्ड करायचा असतो, घरात एकच जुना फोटो असतो, पोरं तो 'एन्हान्स' करून आणतात. डोळे नवे, कातडी नवी, मिशीसुद्धा नवी. यंत्रानं तो चेहरा स्पष्ट केलेला नसतो, अंदाजानं नवा भरलेला असतो. बोर्ड लागल्यावर घरातली म्हातारी माणसं म्हणतात, हे आमचे आबा नव्हेत. दुःखाच्या घरात असं होऊ नये. आम्ही मूळ फोटो मागतोच. नवा फोटो त्याच्यावर अर्धा पारदर्शक करून ठेवायचा. डोळे, नाक, जिवणी जुळली तरच छापायचं. डाग आणि घड्या काढा, चेहऱ्याला हात लावू नका.

---

तासगावचा_पोर

वाचतोय. खूप उपयोगी धागा.

मी कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या तासगावच्या रथोत्सवाचं पोस्टर करायचंय. इमेज टूलला 'गणपती मंदिर, महाराष्ट्र' सांगितलं की नागर शिखराचं देऊळ येतं, नाहीतर घुमट. आमच्या देवळाला सात मजली गोपुर (प्रवेशद्वारावरचा उंच मनोरा) आहे. 'गोपुर' म्हटलं तर थेट तमिळनाडूतलं रंगीबेरंगी गोपुर येतं. वर्णन कितीही लांब लिहिलं तरी आमचं देऊळ येत नाही. कसं करायचं?

---

कोरीव_रेषा

@तासगावचा_पोर, वर्णन वाढवून ते येणार नाही. कारण समजून घे. ही मॉडेलं प्रचंड संख्येनं चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर अशा जोड्यांवर शिकलेली असतात. चित्र काढताना बरीचशी मॉडेलं नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि तुझ्या शब्दांना जुळेल असं पायरी पायरीनं साफ करत नेतात. ज्या गोष्टीचे फोटो त्या साठ्यात भरपूर, ती नीट येते. तासगावचं गोपुर तिथे जवळजवळ नसणारच, मग ते सगळ्यात जवळचं जे माहीत आहे ते भरतं.

तू तिथलाच आहेस, तेव्हा फोटो तूच काढ. सकाळचं तिरपं ऊन असताना समोरून एक आणि खालून वर बघत एक. मग स्टेबल डिफ्यूजन हे चित्र काढणारं मॉडेल वापरत असशील तर कंट्रोलनेट नावाची सोय आहे. ती तुझ्या फोटोतल्या कडा घट्ट धरून ठेवते, आणि यंत्राला फक्त रंग, पोत, उजेड बदलायला मोकळीक देते. कंप्यूटरला बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे घरीच चालतं, पैसे लागत नाहीत. दुसऱ्या टूलमध्ये फोटो संदर्भ म्हणून देता येतो, पण तिथे निघालेलं चित्र मूळ फोटोशेजारी ठेवून मजले मोज. मजले कमी-जास्त करणं ही त्याची नेहमीची खोड आहे.

आणि मूर्ती उजव्या सोंडेची आहे. यंत्र सोंड बहुतेक वेळा डावीकडे वळवेल. आरसा मारून उलटी करू नकोस, हातातली आयुधं बदलतील. मूर्ती तू स्वतः रेखाट.

---

बोरूबहाद्दर

मी वाईकडचा, सुलेखन करतो. माझी बाजू मांडतो, कडक वाटली तर माफ करा, पण मनापासून लिहितोय.

अक्षरांबद्दल कोरीवताई बोलल्या त्याचं कारण थोडं खोलात सांगायला हवं. आपण कीबोर्डवर 'कि' टाइप करतो तेव्हा साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसते. ही उलटापालट, रफार कुठे बसायचा, 'क्ष' कसा जुळायचा, हे सगळं फॉन्टमध्ये नियम म्हणून लिहिलेलं असतं. त्यामागे माणसांची आयुष्यं गेली आहेत. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो मंगल फॉन्ट वापरला तो र. कृ. जोशींनी केला, आणि ते मुळात सुलेखनकार होते. चित्र काढणाऱ्या यंत्रापाशी हे नियम नाहीत. ते अक्षराला एक आकृती समजून ठिपक्यांनी रंगवतं. म्हणून 'श्री' बरा येतो, कारण तो लाखो ठिकाणी छापलाय, आणि 'सांगलीच्या कार्यकर्त्यांचं' लिहायला सांगितलं की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

चांगले देवनागरी फॉन्ट आज मोफत आहेत. एक टाइपचे मुक्त आणि बालू आहेत, गूगलचा नोटो आहे, सगळे खुल्या परवान्याचे, धंद्याच्या कामातही चालतात. मग एआयची मोडकी अक्षरं छापायचं कारणच काय?

माझा खरा विरोध मात्र वेगळा आहे. ही मॉडेलं ज्या चित्रांवर शिकली, त्यातल्या असंख्य चित्रकारांना कुणी विचारलं नाही. त्यांची रेघ त्यांच्या नावानं ओळखली जाते आणि कुणीही ते नाव टाइप करून तशी रेघ मागतो. मला हे पटत नाही. माझ्या कामात मी चित्र काढणारं एआय वापरत नाही आणि वापरणारही नाही. बोरूनं ओढलेली रेघ ६०० डीपीआयला स्कॅन करतो, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करतो, नोड (रेघेला वळण देणारे बिंदू) हातानं साफ करतो. वेळ लागतो. तो लागायलाच हवा, कारण नोड साफ करतानाच पुढची रेघ सुचते.

---

कोरीव_रेषा

@बोरूबहाद्दर सर, कडक अजिबात वाटलं नाही. हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये (यंत्राला दिलेल्या सूचनेत) लिहायचं नाही हा नियम मीही पाळते, आणि इथल्या सगळ्यांनी पाळावा असं मला वाटतं. शैली हवी असेल तर वर्णन करा: जाड शाईची रेघ, सपाट रंग, ठोकळ्याच्या छपाईसारखा पोत. किंवा आपल्या भागात जे आहे ते नीट फोटो काढून वापरा. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यातली भित्तिचित्रं तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यातली वेलबुट्टी स्वतः ट्रेस करायची आणि यंत्राला फक्त सांगायचं की ही वेल किनारीभर पसरव. माझ्या दृष्टीनं हा स्वच्छ मार्ग आहे.

नोड साफ करताना पुढची रेघ सुचते, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. लोगोच्या कामात मी म्हणूनच एआय आणत नाही.

---

हळदीचं_पोतं

मी पार्टीच्या बाजूचा माणूस. हळदीचा घरचा व्यापार, आता पाकिटात विकायला सुरुवात केली आहे.

आम्ही एआयचं चित्र का आणतो ते ऐका. डिझायनरकडे गेल्यावर आम्हाला बोलता येत नाही. मार्केट यार्डात हळकुंड हातात घेऊन, मोडून, वास घेऊन आम्ही दर सांगू शकतो, पण 'लेआउट' म्हटलं की गप्प. चित्र दाखवलं की निदान बोलणं सुरू होतं. तेव्हा त्या चित्रावर रागावू नका, त्यातलं काय आवडलं ते विचारा.

पण त्या चित्रांत हळद चुकीची असते हे खरं. ओली आल्यासारखी कांडी, शेजारी झेंडूची फुलं आणि नारिंगी पूड. आमची राजापुरी जातीची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली. तिची हळकुंडं वेगळीच दिसतात. हरिपूरच्या पेवांबद्दल यंत्राला विचारलं तर त्यानं विहिरीचं चित्र काढलं. जमिनीखाली, वर अरुंद तोंड आणि खाली ऐसपैस पोट असलेलं, हळद साठवायचं पेव हे आमच्या मालाचं सगळ्यात वेगळं वैशिष्ट्य, आणि ते कुठल्याच चित्रात नाही. कोरीवताई, पेवाचं चित्र पाकिटावर घ्यायचं असेल तर कसं करता येईल?

पैशाबद्दल: आम्ही तास मोजत नाही. पाकीट मशीनवर नीट चालावं, रंग दर वेळी सारखा यावा आणि तपासणीत लेबल अडकू नये. एवढं मिळालं तर तुम्ही कशानं केलं ते आम्ही विचारणार नाही.

आणखी एक विचारायचंय. सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक निर्देशन) मिळालाय, मग पाकिटावर ते चिन्ह टाकू ना?

---

कोरीव_रेषा

@हळदीचं_पोतं काका, पेवाचा उभा छेद काढूया. आत उतरून आत्ता कुणी फोटो काढायचा नाही. बंद पेवात हवा खराब असते, जीव जातो. तोंडाचा फोटो वरून काढा, आणि पेव भरणाऱ्या जाणत्या माणसाला समोर बसवून खोली, रुंदी, आत काय लावतात हे विचारून घ्या. त्यावरून मी पेन्सिलनं छेद काढते. मग त्या रेखाटनाला मातीचा पोत आणि सावली देण्यापुरतं एआय वापरू. आकार आपला, माहिती तुमची.

जीआयबद्दल वकीलसाहेबांनी सांगावं, ते इथे आहेत.

---

घाटमाथा_वकील

हजर आहे.

@हळदीचं_पोतं, सांगली हळदीची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद २०१८ ची. पण नोंद झाली म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येकानं चिन्ह छापावं असं नाही. १९९९ च्या कायद्याखाली 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून तुमच्या नावाची स्वतंत्र नोंद लागते. ती आधी करा, चिन्ह नंतर. एआयनं काढून दिलेलं चिन्ह तर मुळीच छापू नका. ते खऱ्यासारखं दिसतं आणि खरं नसतं.

आता डिझायनरांसाठी. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीनं त्यात असं आलं की कंप्यूटरनं निर्माण केलेल्या कलाकृतीच्या बाबतीत ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती कर्ता समजावी. पण ती तरतूद झाली तेव्हा एका ओळीवरून चित्र काढणारी यंत्रं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. त्यामुळे तेवढ्यावर विसंबून "हे चित्र माझंच" असं पार्टीला लिहून देणं धोक्याचं. अमेरिकेत भूमिका कडक आहे. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिक पुस्तकाबाबत ठरवलं की लेखन आणि चित्रांची मांडणी लेखिकेची, पण मिडजर्नी या एआय टूलनं काढलेली सुटी चित्रं संरक्षणात येत नाहीत. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानंही कर्ता माणूसच असावा लागतो असं म्हटलं. तुमची पार्टी बेदाणा निर्यात करत असेल तर हे लक्षात ठेवा.

म्हणून लोगो आणि पाकिटावरचं मुख्य चित्र माणसाच्या हातचं ठेवा. कच्ची स्केचेस तारखेसह जपून ठेवा. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

एक गोष्ट एआय नसतानाही लागू होती, पण बहुतेक डिझायनरांना माहीत नसते. हक्क पार्टीला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. कोटेशनमध्येच हे स्पष्ट करा.

टूल निवडताना अटी वाचा. फोटोशॉपवाली ॲडोबी कंपनी आपल्या फायरफ्लाय या एआयबद्दल म्हणते की ते परवाना असलेल्या स्टॉक चित्रांवर आणि हक्काची मुदत संपलेल्या साहित्यावर शिकवलंय. बोरूबहाद्दर सरांचा आक्षेप असणाऱ्यांनी निदान तेवढा फरक पाहावा. आणि बाजारात न आलेल्या मालाचं पाकीट पार्टीला न विचारता कुठल्याही फुकटच्या साइटवर चढवू नका.

---

तारा_जुळवणारी

मिरजेतून लिहितेय, घरात वाद्यं बनवण्याचा व्यवसाय. कोरीवताईंच्या 'प्रत्यक्ष माल देत नाही' याला माझा जोरदार पाठिंबा. मैफलींच्या पोस्टरवर हल्ली एआयचा तंबोरा दिसतो, आणि त्याला सतारीसारखे पडदे असतात. तंबोऱ्याला पडदे नसतात! कधी खुंट्या सहा आणि तारा तीन, कधी भोपळा लाकडी गोळ्यासारखा गुळगुळीत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला, आणि याच गावातल्या भिंतीवर असा तंबोरा लागतो याचं फार वाईट वाटतं. गल्लीत या, कुठल्याही दुकानात विचारा, फोटो काढायला कुणीही नाही म्हणणार नाही.

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

+१. आमच्याकडं असं पोस्टर आलं तर यापुढं आधी तुमच्याकडं पाठवतो, ताई.

---

औंधाच्या_पायऱ्या

मी कलाशिक्षक, सातारा जिल्ह्यात. मला मुलांची काळजी वाटते, म्हणून थोडं लिहितो.

माझ्या वर्गात एआयला बंदी नाही. क्रम ठरवून दिलाय. आधी हातानं लहान थंबनेल (अंगठ्याएवढी कच्ची रेखाटनं) काढायची, वाईट असली तरी चालतील. मग यंत्राकडून चित्र घ्यायचं. मग त्या चित्रात काय खोटं आहे ते लिहून द्यायचं. हा तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. सावल्या दोन दिशांना का पडल्या? नऊवारीचा काष्टा कुठे गेला, आणि पदर उत्तरेकडच्या पद्धतीनं पुढे का आला? फेटा राजस्थानी का दिसतो? ज्या मुलानं कधी स्वतः साडीच्या निऱ्या काढल्या नाहीत त्याला ही चूक दिसतच नाही.

दर वर्षी मी मुलांना औंधच्या श्री भवानी संग्रहालयात नेतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये ते उभं केलं, आणि राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं तिथे समोर उभं राहून बघता येतात. मोबाइलमध्ये पाहिलेलं चित्र आणि कॅनव्हास यात किती अंतर आहे ते मुलांना तिथे कळतं. सावलीतला काळा हा काळा नसतो, त्यात तपकिरी आणि हिरवा असतो, हे मी वर्गात कितीही सांगितलं तरी पोहोचत नाही. ते डोळ्यांत बसलं की मुलं एआयच्या चित्रातला सपाट उजेड आपोआप ओळखतात.

आपल्या भागाला हे नवीन नाही. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातून १९२० पासून मासिक निघालं, त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. नांगर आणि पंप बनवणाऱ्या वाडीत छपाई आणि चित्र यांना ही जागा होती. आपल्या मुलांना ते सांगायला हवं.

@तासगावचा_पोर, पोस्टर झालं की इथे टाक.

---

पत्रिकावाली_गावभाग

पत्रिकेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मजकूर तपासायला चॅटजीपीटी चांगलं कामाला येतं. तारीख आणि वार जुळतात का, एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलंय का, निमंत्रकांत कुणाचं नाव दोनदा आलंय का, हे विचारायचं. 'सुधारून दे' म्हणायचं नाही, 'चुका दाखव' म्हणायचं; नाहीतर ते 'चि. सौ. कां.' बदलून टाकतं आणि सगळ्या पत्रिकेची भाषा सरकारी परिपत्रकासारखी करतं. तिथी आणि मुहूर्त त्याला विचारूच नका. बिनदिक्कत चुकीची तिथी सांगतं. त्यासाठी पंचांग उघडा.

---

तासगावचा_पोर

कोरीवताई, फोटो काढले. समोरच्या फोटोवर कंट्रोलनेट लावल्यावर गोपुर पहिल्यांदाच आमचं वाटलं. मजले मोजले, सात भरले. वरच्या मजल्यांवरच्या मूर्ती मात्र त्यानं मनाच्या काढल्यात, तेवढा भाग मूळ फोटोवरून हातानं काढतोय. गणपती आणि रथाचे दोर ओढणारी माणसंही हातानंच. अक्षरं बालूमध्ये.

@मिरजेचा_फ्लेक्सवाला दादा, मंडळाला आठ बाय चारचा फ्लेक्स हवाय. फाइल कशी पाठवू?

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

आठ बाय चार फूट ना? ७२ डीपीआयला ६,९१२ बाय ३,४५६ पिक्सेल. चित्र तेवढं मोठं करून घे. अक्षरं चित्रात मिसळू नको, कोरलमध्ये वर ठेव, फॉन्ट कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) पाठव, नाहीतर आमच्या मशीनवर बालू नसला की सगळं बदलतंय. फाइल सीएमवायके. चारी बाजूला दोन इंच जागा मोकळी सोड, तिथं पट्टी दुमडून रिंगा मारतात. रथाचा भगवा स्क्रीनवर दिसतो तेवढा तेज निघणार नाही, म्हणून आधी एक फुटाचा तुकडा छापून बघू, मग पुढचं.

---

कोरीव_रेषा

मस्त. सगळ्यांच्या सूचना घेऊन मी कोटेशनमध्ये घालायचा मजकूर केलाय, कुणालाही वापरता येईल:

"कच्चे आराखडे, पार्श्वभूमी आणि फोटोंची डागडुजी यासाठी एआयचा वापर होऊ शकतो. लोगो, अक्षरं, मालाचे फोटो आणि कायदेशीर मजकूर हातानं तयार केला जाईल. पार्टीनं आणलेलं एआयचं चित्र फक्त संदर्भ म्हणून धरलं जाईल. रंगाचा छापील नमुना मंजूर झाल्यावरच पुढची छपाई होईल. अंतिम कामाचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर लेखी स्वरूपात, मुदत आणि प्रदेश नमूद करून दिले जातील."

दर मी कमी केलेला नाही. पहिल्या बैठकीतला वेळ वाचतो तो तपासणीत आणि फोटो काढायला जाण्यात जातो, आणि तो खर्च मी आता वेगळा दाखवते: 'प्रत्यक्ष मालाचे फोटो व माहिती गोळा करणे'. पार्टीला तो कळतो, कारण फोटो काढताना ती शेजारीच उभी असते.

---

घाटमाथा_वकील

मजकूर ठीक आहे. 'पार्टीनं दिलेल्या चित्राच्या हक्कांची जबाबदारी पार्टीची' एवढं जोडा.

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

आणि माझी एक ओळ घाला, ताई: "माणसाचा चेहरा असेल तर मूळ फोटो सोबत द्यावा."

---

कोरीव_रेषा

दोन्ही घातल्या. काका, पेव भरणाऱ्या मामांना विचारून दिवस कळवा, मी वही घेऊन येते.